बातमीमूल्य ठरवतो कोण?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेतला एक मुलगा पत्रकारितेच्या कोर्सला गेला. पहिल्याच सत्रात त्याने वस्तीतल्या तुंबलेल्या गटारावर बातमी लिहिली. ती शेऱ्यासह परत आली : 'भाषा अशुद्ध. बातमीमूल्य नाही.' पोरगा कोर्स सोडायला निघाला होता.

मित्रांनो, हा एका प्राध्यापकाचा दोष मानून सोडून देता येणार नाही. माध्यमांच्या वर्गात कॅमेरा, मथळा, अँकरिंग सगळं शिकवतात; पण बातमीमूल्य ठरवतो कोण, हे कोणी विचारत नाही. बाबासाहेबांनी ते ३१ जानेवारी १९२० रोजी विचारलं. मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचंच हित पाहतात, हे त्यांनी 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात मांडलं. 'केसरी'ने तर पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती.

आज काय बदललं? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीच्या २०१९ च्या अहवालात माध्यमांतली नेतृत्वाची १२१ पदं तपासली होती. त्यांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. दलित-आदिवासी एकही नव्हता.

'शिक्षणात जात कशाला आणता?' असं काही जण म्हणतील. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांनी ती अनैतिक संबंधांतून घडल्याचं सांगितलं. लिहिणाऱ्यांना मथळा जमत होता. पोलिसांच्या तोंडून आलेलं तपासून पाहायला मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

शिकवण्याची दुसरी रीत आपल्याकडे आहे. जोतिबा-सावित्रीमाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्या शाळेने मुलीचं जगणं अभ्यासाचा विषय मानलं. माध्यमांच्या वर्गानेही तेच करावं. रोजचं वर्तमानपत्र उघडून कोण बोलतंय आणि कोणाबद्दल बोललं जातंय, हे मुलांना मोजायला लावावं. प्रमाण भाषा जरूर शिकवावी, पण तिच्यावरून माणसाची लायकी ठरवू नये.

ती गटाराची बातमी आम्ही अभ्यासिकेत पुन्हा वाचली. तिच्यात एक खरा दोष होता : वॉर्ड ऑफिसची बाजू घेतलेली नव्हती. शेरा द्यायचाच होता, तर तो हा द्यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी पोरगा वही घेऊन वॉर्ड ऑफिसला गेला. कोर्स त्याने सोडलेला नाही.

जय भीम!