देवीचे रक्त

पावसाळ्यात अणशीच्या घाटात मोटार हादरे देऊ लागली, की आम्हांस सित्रोएन डीएसचे स्मरण होते. १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात अवतरलेल्या या मोटारीची दोन अक्षरे फ्रेंच उच्चारात ‘देवी’ या अर्थाच्या शब्दासारखी ऐकू येतात. (नाव ठेवावे तर असे!) पोलादी स्प्रिंगांऐवजी वायू व द्रव यांवर तोललेली ही देवी इंजिन सुरू होताच बसल्या जागेवरून सावकाश उठते. १९६२ साली मारेकऱ्यांच्या गोळ्यांनी टायर फुटले, तरी तिने अध्यक्ष द गॉल यांस सुखरूप नेले.

जुनी डीएस पुन्हा उभी करताना हौशी मंडळी रंग आणि गाद्यांवरच जीव टाकतात. वाचकहो, तिचे ब्रेकदेखील त्याच द्रवावर चालतात! आरंभीचा तांबडा द्रव हवेतील ओलावा शोषून नळ्या आतून गंजवी; १९६६च्या सुमारास हिरवे खनिज तेल आले. तांबड्याच्या यंत्रणेत हिरवे ओतल्यास रबरी सील नासतात. जोयड्याच्या दमट हवेत आम्ही तरी सारे सील बदलून हिरवेच पत्करू, मग अस्सलपणाचे अभिमानी रागावोत. आणि अशी मोटार कुणी दाखविलीच, तर तिच्या झळाळीकडे न पाहता आधी तेलाच्या टाकीचे झाकण उघडावयास सांगू.