संशोधनालाही डॉक्टर हवेत

‘एमबीबीएसनंतर पुढे काय?’ या प्रश्नाची आपल्याकडे दोनच उत्तरे ठरलेली आहेत. एमडी-एमएस करून स्वतःचे हॉस्पिटल थाटायचे, नाहीतर सरकारी नोकरी धरायची. एखादा मुलगा ‘संशोधन करीन’ म्हणाला, की घरातले चिंतेत पडतात. ‘मग दवाखाना कधी टाकणार?’ हा आजोबांचा पहिला प्रश्न!

संशोधन म्हणजे बंद खोली, काचेच्या नळ्या आणि पांढरे उंदीर, हा समज आधी सोडून द्यावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली कोकणातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावून धडधाकट माणसे आणि लहान मुले तिथे दगावत होती. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकते, फुफ्फुसात पाणी साचते आणि माणूस जातो, हे त्यातून उमगले. मग त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वापरून पाहिले. सुमारे चाळीस टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यावर आले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे काम छापले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हाताशी मोठी प्रयोगशाळा नव्हती, हे विशेष.

आज हे क्षेत्र कितीतरी पसरले आहे. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकात अठरा दिवस राहिले. तिथे वजन जाणवत नाही, म्हणून स्नायू झिजतात. स्नायूंच्या पेशींवरचा एक प्रयोग त्यांनी तिथे केला. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या आजीचेही स्नायू असेच झिजतात, हे आम्ही रोज पाहतो. म्हातारपणी स्मरणशक्ती का जाते, हे शोधण्यासाठी बंगळूरची एक संस्था कोलार जिल्ह्यातील खेडुतांची वर्षानुवर्षे तपासणी करीत आहे. अशा कामांना डॉक्टरांबरोबर नर्स, संख्याशास्त्रज्ञ, बीएस्सी झालेली मुलेही लागतात.

आणि आपले सोलापूर? यंत्रमागावर सुताची धूळ छातीत ओढणारा कामगार, दिवसभर तंबाखूत हात घालून विड्या वळणाऱ्या बायका, एप्रिल-मेचे ऊन. यांच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे वर्षानुवर्षे मोजायला आपल्याच मुलांनी पुढे यायला हवे. त्यांची तेलुगू-कन्नड-मराठी बोली बाहेरच्या संशोधकाला कुठून येणार?

पालकांची काळजी मात्र खोटी नाही. प्रकल्पांतल्या बहुतेक जागा कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की नोकरी संपली. त्यावर कुणी संसार मांडावा? सरकारने कायम जागा काढल्या नाहीत, तर हुशार मुले परदेशीच जाणार, आणि त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तूर्त एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अल्पकालीन विद्यार्थी योजनेची चौकशी करावी. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प असतो, विद्यावेतनही मिळते. मार्गदर्शक प्राध्यापक लागतो, तेव्हा आधी त्यांना गाठावे.