पाळणाघरातील पंगत

आमच्या बडोद्यात आईवडील दोघेही नोकरीस जातात अशी घरे आता पुष्कळ आहेत. त्यांची लहान मुले दिवसभर पाळणाघरात राहतात. धाकट्या भावंडांना आणावयास आम्ही तेथे जातो, तेव्हा एक प्रश्न मनात येतो : मुलांच्या जेवणाचे पैसे पाळणाघराने वेगळे घ्यावेत काय?

‘घ्यावेत’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. डाळ, तांदूळ, दूध यांना दाम पडतो. मग घरचा डबा देणाऱ्या पालकांनी दुसऱ्याच्या जेवणाचा भार का सोसावा? परंतु या हिशेबात मुलांचाच विसर पडतो. ज्याचे पैसे भरले त्याच्या ताटात ऊन वरणभात आणि शेजारच्याच्या डब्यात सकाळची गार पोळी, हा भेद तीन वर्षांच्या बालकास कसा समजावून सांगावा?

१९४८ च्या कारखाना कायद्यात कामगार स्त्रियांच्या मुलांना कारखान्याच्या पाळणाघरात विनामूल्य दूध वा अल्पोपाहार देण्याविषयी नियम करण्याची तरतूद होती. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्यांतही पूरक आहाराचे पैसे घेतले जात नाहीत. खासगी पाळणाघर चालविणाऱ्या मावशींनी पदरमोड करावी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्यांनी जेवणाचा खर्च धरून सर्वांस एकच शुल्क ठरवावे व पालकांनी ते घासाघीस न करता द्यावे. ज्या मुलास पथ्य असेल, त्यास तेवढी सवलत असावी. हिशेब मोठ्यांच्या वहीत राहावा. मुलांच्या पंगतीत तो शिरू नये, असे आमचे नम्र मत आहे.