प्रवासी हा शांततेचा दाखला नव्हे

सुटीचे बेत ठरू लागले, की मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरी हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : काश्मीरला जावे की न जावे? एकेकाळी हा प्रश्न पैशाचा आणि रजेचा होता. २२ एप्रिल २०२५ पासून तो जिवाचा झाला आहे. त्या दिवशी दुपारी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी सहलीस आलेल्या माणसांना धर्म विचारून गोळ्या घातल्या. २६ जण मृत्युमुखी पडले व त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते. डोंबिवली, पनवेल, पुणे ही त्यांची गावे. वर्षभर पैसा साठवून, कार्यालयात रजेचा अर्ज देऊन, मुलाबाळांसह बाहेर पडलेली ही माणसे होती. तेव्हा या प्रश्नाची वासलात केवळ भावनेच्या भरात लावणे योग्य होणार नाही.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे सध्या बाजारात आहेत. 'गेलेच पाहिजे, आपण न गेलो तर दहशतवाद जिंकला,' हे एक; आणि 'त्या मुलखाचे नावही नको,' हे दुसरे. आम्हांस ही दोन्ही मान्य नाहीत. सत्तरीच्या आईवडिलांना आणि पाच वर्षांच्या नातीला घेऊन निघालेल्या गृहस्थावर देशाच्या सीमेचे रक्षण करण्याची जबाबदारी कोणी टाकली? ते काम ज्यांचे आहे त्यांना त्यासाठी शस्त्रे दिलेली आहेत. सहलीला जाणे हे शौर्य नव्हे आणि न जाणे हा भ्याडपणाही नव्हे. उलट, साऱ्या खोऱ्यावर काट मारणाऱ्यांना बैसरनचाच दुसरा अर्धा वृत्तांत विसरावा लागतो. मृतांत एक स्थानिक घोडेवाला होता, जखमींना पाठीवर घेऊन डोंगर उतरणारेही तिथलेच होते, आणि दुसऱ्या दिवशी या हत्याकांडाच्या निषेधार्थ काश्मीर खोऱ्याने आपली दुकाने बंद ठेवली होती. हेही तितकेच खरे आहे.

परंतु या दोन उत्तरांच्या मुळाशी एक खोल चूक आहे आणि तिचे पितृत्व राज्यकर्त्यांकडे जाते. प्रवाशांची संख्या हा शांततेचा पुरावा म्हणून वापरण्याची सवय आपल्या सरकारांना जडली आहे. २०२४ मध्ये जम्मू-काश्मीरला २ कोटी ३६ लाख लोकांनी भेट दिली, हा आकडा किती व्यासपीठांवरून मिरविला गेला! त्यांत वैष्णोदेवीचे यात्रेकरू मोठ्या संख्येने आहेत, आणि खुद्द काश्मीर खोऱ्यात गेलेल्यांची संख्या ३५ लाखांच्या घरात आहे, हा तपशील मात्र सहसा कोणी सांगितला नाही. पण आकडा फुगविला हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा की, प्रवासी हाच एकदा शांततेचा साक्षीदार ठरविला, की ज्याला ती साक्ष खोटी पाडावयाची आहे तो त्या साक्षीदारावरच उठणार. हे न समजण्याइतके नवखे आपण नव्हतो. जुलै १९९५ मध्ये याच पहलगामच्या परिसरातून परदेशी प्रवाशांचे अपहरण झाले होते; त्यांतील एकाचा शिरच्छेद झाला आणि चौघांचा ठावठिकाणा आजतागायत लागलेला नाही.

म्हणून 'अमुक ठिकाण सुरक्षित आहे काय?' असा मोघम प्रश्न विचारण्यापेक्षा, तिथली अशांतता कोणाच्या विरुद्ध आहे, हे आधी विचारावे. २०१० व २०१६ च्या उन्हाळ्यात काश्मीर पेटले होते. दगडफेक, गोळीबार, संचारबंदी यांनी महिनेच्या महिने व्यापले आणि माणसे शेकड्यांनी दगावली वा जायबंदी झाली. तरी त्या क्षोभाचा रोख शासनावर होता, प्रवाशावर नव्हता. त्याला अडकून पडावे लागे एवढेच. २०२५ चा एप्रिल निराळा होता, कारण तेव्हा प्रवासी हेच लक्ष्य होते. वरवर पाहता २०१६ चा जुलै भयंकर आणि २०२५ चा एप्रिल निवांत. परंतु प्रवाशापुरता हिशेब नेमका उलटा निघाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात जे घडले त्याचा पाठ आणखी वेगळा आहे. समाजमाध्यमांवरील बंदीचे निमित्त झाले, ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, त्या एकाच दिवशी १९ जण मारले गेले; दुसऱ्या दिवशी संसद जळाली, सिंहदरबार जळाला, पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला आणि त्रिभुवन विमानतळ बंद झाला. मृतांचा आकडा पुढे सत्तरांच्या वर गेला. १२ तारखेला सुशीला कार्की यांचे हंगामी सरकार अधिकारावरही आले. ज्याने ७ तारखेला पशुपतीचे दर्शन घेतले त्याला काहीच जाणवले नसेल, आणि ९ तारखेला उतरू पाहणाऱ्याला विमानतळच मिळाला नाही. या आंदोलकांचे प्रवाशांशी वैर नव्हते. पण काठमांडूतील एक मोठे हॉटेल आगीत भस्मसात झाले, हेही विसरता येत नाही. वैर नसले म्हणजे इजा होत नाही, असे नव्हे.

बाहेरच्या देशांकडे साशंक नजरेने पाहताना आपल्या स्वतःच्या शहराचाही थोडा विचार करावा. २५ नोव्हेंबर २००८ रोजी बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ निदर्शकांनी ताब्यात घेतला आणि आठवडाभर हजारो प्रवासी तिथे खोळंबून राहिले. आपल्यापैकी कित्येकांनी त्या दिवशी 'बरे झाले, आपण तिकडे गेलो नाही' असे म्हटले असेल. दुसऱ्याच रात्री मुंबईत बोरीबंदरापासून ताजपर्यंत जे झाले त्यात १६६ जणांचे प्राण गेले, आणि मुंबईत तर तेव्हा कसलीही राजकीय धामधूम नव्हती! त्यानंतर काही आठवडे जगाच्या लेखी 'न जाण्याचे ठिकाण' आपणच होतो. इंग्लंडचा क्रिकेट संघ मायदेशी परतला, आणि पंधरवड्याच्या आत चेन्नईस कसोटी खेळावयास आला. त्याने जे पाऊल मागे घेतले त्याचा आम्हांला राग आला नव्हता, व जे पुढे टाकले त्याचे कौतुक वाटले होते. तोच न्याय काश्मीरला वा नेपाळला लावताना आपण कृपण का व्हावे?

आता परतीच्या वाटेचे पाहू. कारण जाण्याची वाट सर्वजण पाहतात, येण्याची फार थोडे. पहलगामच्या दोनच दिवस आधी, २० एप्रिल रोजी, रामबनजवळ दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला होता. त्यामुळे २२ तारखेच्या रात्री हजारो भयभीत माणसांपुढे मुख्यतः आकाशाचा मार्ग उरला. तिकिटांचे दर कडाडू नयेत म्हणून नागरी विमान वाहतूक खात्याला हस्तक्षेप करावा लागला, आणि महाराष्ट्र सरकारला खास विमाने सोडावी लागली. पुढे ७ मे रोजी पाकिस्तानविरुद्ध लष्करी कारवाई सुरू झाली आणि श्रीनगरसह उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस बंदच राहिले. ६ जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर रेल्वे धावू लागली, ही त्यानंतरची मोठी सोय. तरीही बैसरनसारख्या ठिकाणी, जिथे पायी वा घोड्यावरच जावे लागते आणि मदत यावयाची तर तीही त्याच वाटेने, थोडे जपून जाणे इष्ट. हे काश्मीरपुरतेच खरे नाही.

सरकारने किती आणि केव्हा सांगावे, हा आमच्या मते सर्वांत कळीचा मुद्दा. २ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीर प्रशासनाने अमरनाथचे यात्रेकरू व प्रवासी यांना तातडीने परत जाण्यास सांगितले आणि कारण दहशतवादी धोक्याचे दिले. तीन दिवसांनी कलम ३७० चा निर्णय झाला. दिलेले कारण कितपत पुरे होते, हा वाद बाजूला ठेवला तरी माणसे वेळेवर बाहेर निघाली, हे मान्य केले पाहिजे. २०२५ मध्ये तशी सूचना कोणी दिली नाही. हल्ल्यानंतर ८७ पैकी ४८ प्रेक्षणीय स्थळे बंद करण्यात आली व पुढे ती टप्प्याटप्प्याने उघडली. नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी जुलै २०२५ मध्ये सुरक्षेत त्रुटी राहिल्याची कबुली देऊन जबाबदारी स्वीकारली. ही कबुली प्रांजळ होती. परंतु जे ठिकाण हल्ल्यानंतर बंद करावे लागते, ते हल्ल्याआधी कशाच्या भरवशावर उघडे होते, हे विचारण्याचा हक्क डोंबिवलीच्या त्या कुटुंबांना आहे. कोणते स्थळ उघडे, कोणते बंद, तिथे पोलीस चौकी किती अंतरावर, जवळचे रुग्णालय कोणते, एवढी माहिती साध्या मराठी-हिंदीत रोजच्या रोज प्रसिद्ध करण्यास कोणते गुप्त रहस्य आड येते?

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो क्षुल्लक मानू नये. कारण पुष्कळ माणसे धोका पत्करतात ती हौसेने नव्हे, भरलेली आगाऊ रक्कम बुडेल या धास्तीने. सहल कंपन्यांच्या करारातील बारीक अक्षरांत ही रक्कम परत मिळण्याच्या वाटा बहुधा बंद केलेल्या असतात, आणि अनेक प्रवासी विमापत्रांत युद्ध व नागरी दंगल ही कारणे वगळलेली असतात. सही करण्यापूर्वी ही कलमे वाचून घ्यावीत, आणि 'साहेब, काही होत नाही' या व्यवस्थापकाच्या तोंडी आश्वासनाऐवजी रद्दबातलीची अट लेखी मागावी. सरकारने एखाद्या स्थळाबद्दल इशारा दिला, अथवा तिथला विमानतळ वा महामार्ग बंद झाला, तर आगाऊ रक्कम कपातीशिवाय परत देण्याची सक्ती राज्य सरकारने कायद्याने करावी. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने एवढा प्रश्न विचारला तरी सुरुवात होईल.