सोयरीक, घराणे आणि मनोविकार

सोयरीक जमवताना घराण्याची चौकशी करण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे. हदगावसारख्या तालुक्याच्या गावीही शेती, नोकरी, शिक्षण यांच्या जोडीने ‘घराण्यात कुणाला वेड तर नव्हते ना?’ हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो. या प्रश्नाच्या धास्तीने घरातील आजार झाकला जातो. पुढे तीच झाकाझाक डॉक्टरांपुढेही चालू राहते आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

उन्माद आणि विषाद यांच्या फेऱ्यात माणसाला अडकवणारा, आज ‘बायपोलर’ म्हणून ओळखला जाणारा विकार या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. उन्मादात झोप उडते, पैसा उधळला जातो, बोलण्याला धरबंध राहत नाही. विषादात तोच मनुष्य अंथरूण सोडत नाही. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. सर्वसाधारण लोकांत शंभरात सुमारे एकाला होणारा हा विकार, आई किंवा वडील यांपैकी एकाला असल्यास, मुलांत शंभरात साधारण ५ ते १० जणांना होतो. याचाच दुसरा अर्थ असा की, ९० किंवा त्याहून अधिक मुलांना तो होत नाही. एकरूप जुळ्यांतही एकाला विकार असून दुसरा निरोगी राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

१९८७ साली अमेरिकेतील आमिश पंथीयांच्या अभ्यासातून या विकाराचे मूळ अकराव्या गुणसूत्रावर असल्याचे जाहीर झाले. १९८९ साली अधिक तपासणीनंतर तो निष्कर्ष टिकला नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, दीड लाखाहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात तर या विकाराशी निगडित अशी २९८ जनुकीय स्थाने आढळली. त्यांतील प्रत्येकाचा प्रभाव अल्प आहे. तेव्हा अमुक घराणे ‘शुद्ध’ आणि अमुक ‘दूषित’ ही विभागणी शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही.

उलट, घराण्याचा जो इतिहास लपवला जातो, तोच डॉक्टरांना सर्वाधिक हवा असतो. तरुण रुग्ण अनेकदा प्रथम विषादाच्या अवस्थेत दाखल होतो. आजीला किंवा चुलत्याला उन्मादाचे झटके येत असत, एवढ्या माहितीने निदानाची दिशा बदलू शकते. कारण या विकारात केवळ नैराश्यावरील औषधे दिल्यास उन्माद उसळण्याचा धोका असतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी पुढे आणलेले लिथियम एखाद्या आप्ताला लागू पडले असेल, तर तेही सांगितले पाहिजे. ही माहिती गुप्त राखण्याचे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घातलेले आहे.

ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील जुनी मनोरुग्णालये हदगावपासून दूर आहेत, हे खरे. परंतु विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे आणि १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. सुशिक्षितांनी यापुढे सोयरिकीच्या बैठकीत आपला शब्द खर्ची घालावा. ‘आजार होता का?’ यापेक्षा ‘उपचार नीट चालू आहेत ना?’ हा प्रश्न अधिक शहाणपणाचा आहे.