क्रमांकाच्या पाटीचा बोल्ट

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही ओसरीवर चहा घेत बसलो असता आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मुठीत काही जिन्नस घेऊन आला. हा तरुण बसवकल्याणाहून उमरगा व निलंगा या बाजूंस भाड्याची छोटी मालगाडी चालवितो. मूठ उघडून त्याने चार बोल्ट आमच्यापुढे मांडले. चारही निरनिराळे होते. एक पार गंजलेला, एक पिवळसर मुलाम्याचा, एक चकचकीत, आणि चौथा बोटभर लांब.

"फादर, तुम्ही एवढी वर्षं सेमिनरीत शिकलात. नंबर प्लेटला यातला कुठला घालू, सांगा."

सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले. बोल्ट कोणी शिकविले नाहीत. ते शिक्षण पुढे एक जुनी जीप पदरी पडल्यावर झाले, आणि सेमिनरीतील शिक्षणापेक्षा ते अधिक महाग पडले. भालकीच्या रस्त्यावर आमच्या जीपची पुढील पाटी एकदा गळून पडली व ती कधीच सापडली नाही. कोणा कारागिराने घाईत लावलेला एकच बोल्ट तिला धरून होता. त्यापायी पोलीस ठाण्यात पाटी हरविल्याची नोंद करणे, तो कागद घेऊन नव्या पाटीसाठी अर्ज करणे, आणि तोवर प्रत्येक नाक्यावर तोच कागद दाखविणे, हे सारे आम्हांस घडले. म्हणून त्या तरुणास आम्ही खाली बसविले व चहा दिला.

वाचकांपैकी काहींना वाटेल, पाटीच्या बोल्टासाठी साप्ताहिकाचे पान कशाला खर्ची घालावे? त्यांच्यासाठी एक हकीकत सांगतो. ज्या कुटुंबाची ती आहे, त्याचे नाव आम्ही देत नाही. काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत एक चौतीस वर्षांचा मजूर संध्याकाळी हुमनाबादच्या रस्त्याने कडेकडेने घरी येत होता. मागून आलेल्या वाहनाने त्यास उडविले व ते वाहन न थांबता निघून गेले. शेतातून एका माणसाने ते पाहिले. रंग त्याने सांगितला, आकार सांगितला, परंतु क्रमांक त्यास सांगता आला नाही. जेथे पाटी असावयास हवी तेथे नुसती दोन भोके दिसली, असे तो म्हणाला. पाटी मुद्दाम काढलेली होती की आमच्या पाटीसारखी गळून पडलेली होती, हे अखेरपर्यंत कळले नाही.

त्या मजुराच्या मागे पत्नी, दोन मुले व वृद्ध आई आहेत. वाहनाचा ठाव लागत नाही तेव्हा केंद्र सरकारच्या २०२२ च्या योजनेखाली मृताच्या वारसांस दोन लाख रुपये व गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळतात. ही योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्यापूर्वी मृत्यूबद्दल अवघे पंचवीस हजार मिळत. अर्ज तालुक्याच्या तहसीलदाराकडे वा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. त्या विधवा भगिनीबरोबर आम्हीच तेथे गेलो होतो. दोन लाख मिळाले, आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु वाहनाचा क्रमांक ठाऊक असता तर गोष्ट निराळी झाली असती. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे गेला असता व भरपाई विमा कंपनीने दिली असती. सरला वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली या भरपाईचा हिशोब घालून दिला आहे. महिना दहा हजार मिळकत धरली तर वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. चौघे आश्रित असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करावयाचा, म्हणजे नव्वद हजार उरले. एकतीस ते पस्तीस या वयास सोळाने गुणावयाचे. चौदा लाख चाळीस हजार झाले. भविष्यात मिळकत वाढली असती त्याची भर आणखी निराळी.

दोन लाख आणि चौदा लाख चाळीस हजार यांमधील अंतर त्या दोन भोकांएवढे होते. आमच्या तरुणास हा हिशोब आम्ही बोटांवर करून दाखविला, तेव्हा तो काही वेळ गप्प बसला.

आता बोल्टाकडे वळू. बहुतेक मोटारगाड्यांच्या पाटीस ज्यास 'एम ६' म्हणतात तो बोल्ट लागतो. याची जाडी सहा मिलिमीटर व दोन आट्यांमधील अंतर एक मिलिमीटर असते, आणि त्याच्या डोक्यास दहा नंबरचा पाना बसतो. आपल्या तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट मागितला की दुकानदार पुष्कळदा 'दोन सुती', म्हणजे पाव इंची बोल्ट काढून देतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, हे जुन्या सुतार-लोहारांस सांगावयास नको. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरांहून किंचित अधिक. डोळ्यांस फरक दिसत नाही, परंतु पाव इंची बोल्टास इंचात वीस आटे असतात व त्यांमधील अंतर सव्वा मिलिमीटराहून थोडे अधिक भरते. एकाचा बोल्ट व दुसऱ्याचा नट घेऊन पान्याने जबरदस्ती केली तर दोनतीन फेरे बसतात, घट्ट झाल्यासारखे वाटते, आणि आतले आटे चेचून जातात. मग खड्ड्यांचा रस्ता लागला की चारआठ दिवसांत नट गळतो. त्या तरुणाची पुढील पाटी एका बोल्टावर लोंबू लागली होती ती याच कारणाने. परीक्षा सोपी आहे. पाना बाजूस ठेवावा. नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरत गेला पाहिजे. दोन फेऱ्यांनंतर अडला तर ती जोडी दुकानदारास परत करावी, मग तो कितीही म्हणो की "घाला, बसतंय."

लांबीचा हिशोबही एकदा मांडून पाहावा. पाटीचा पत्रा एक मिलिमीटर, पुढचा व मागचा वॉशर मिळून सुमारे तीन, गाडीची लोखंडी पट्टी दोन ते तीन, नट सहा, आणि नटाबाहेर दोन आटे दिसावेत म्हणून आणखी दोन. एकूण चौदापंधरा मिलिमीटर होतात, म्हणून सोळाचा बोल्ट घ्यावा. लांब बोल्ट अधिक मजबूत असतो ही समजूत खोटी आहे. मागील झाकणात तो आत दिव्याच्या तारेस घासतो व पुढे एके रात्री दिवा जातो. तरुणाचा बोटभर लांब बोल्ट आम्ही त्याच वेळी बाजूस काढला.

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत लोखंडी पट्टीऐवजी प्लास्टिकची खोबण असते. तिच्यात स्वतःच आटे कापत जाणारा जाडसर स्क्रू लागतो, एम ६ बोल्ट नव्हे. बोल्ट दामटला की खोबण चिरते. कलबुर्गीकडील उन्हाळ्यात हे प्लास्टिक तापून तापून आधीच ठिसूळ झालेले असते, म्हणून स्क्रूदेखील हाताने बेताचा आवळावा. खोबण चिरलीच तर नवी थोडक्या पैशांत मिळते. तिच्यात आगपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू बसविणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या युक्तीचे कौतुक करावे, पण गाडी त्यांच्या हाती देऊ नये.

आता धातू. पाटी ॲल्युमिनियमची असते. साधे लोखंड तिला लागून राहिले व मध्ये ओल शिरली की त्या दोन धातूंत बॅटरीच्या आत चालते तशी क्रिया सुरू होते. भोकाभोवती पांढरी भुकटी धरते, बोल्टावरून तांबडा ओघळ उतरतो आणि भोक मोठे होत जाते. बिदरच्या जांभ्या दगडाची तांबडी धूळ आणि भालकी-औरादकडील काळा चिखल बोल्टाच्या डोक्याखाली बसून ओल धरून ठेवतात. एरवी आपला प्रदेश कोरडा आहे, हे आपले भाग्य. वसईकडे आप्तांकडे गाडी घेऊन जाणाऱ्यांनी तेथील गाड्यांच्या पाट्या न्याहाळाव्यात. खारा वारा काय करतो ते दिसेल. जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट ॲल्युमिनियमशी बऱ्यापैकी जमवून घेतो, परंतु पान्याने मुलामा खरवडला गेला की आतले लोखंड उघडे पडते. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट थोडा महाग असला तरी आपल्या हवेत वर्षानुवर्षे टिकतो. खरे स्टेनलेस ओळखण्यास लोहचुंबक लावून पाहावे; ते चिकटत नाही, वा अगदीच मंद ओढले जाते. दुकानातील चकाकीवर विश्वास ठेवू नये. बोल्ट कोणताही असो, पाटी व बोल्टाचे डोके यांमध्ये नायलॉनचा वा रबरी वॉशर घालावा. त्याने धातू धातूपासून वेगळे राहतात व पाटीचा खडखडाटही थांबतो. नट आतून नायलॉनचे कडे असलेला घ्यावा, म्हणजे तो हादऱ्यांनी सुटत नाही. मात्र एकदा काढल्यावर तोच पुन्हा वापरू नये, कारण त्याच्या कड्याची पकड गेलेली असते.

रंगाविषयीही सांगितले पाहिजे. अक्षराच्या कडेस काळ्या डोक्याचा बोल्ट आला की कॅमेऱ्यास तिनाचा आठ दिसू शकतो, आणि दंडाची नोटीस भलत्याच माणसाच्या घरी जाते. पांढऱ्या पाटीवर पांढरे वा रुपेरी डोके असावे. फुलांच्या नक्षीचे व देवादिकांच्या चित्रांचे बोल्ट बाजारात मिळतात, ते पाटीवर नसलेले बरे.

हे सारे पुढील पाटीसंबंधी झाले. मागील पाटीसंबंधी तरुणाने विचारले, तेव्हा आम्ही त्यास स्पष्ट सांगितले की तेथे कोणता बोल्ट घालावा हा प्रश्न त्याच्या हातचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ५० वा नियम म्हणतो की उच्च सुरक्षा पाटी मागे अशा कुलपी खिळ्याने बसवावी जो एकदा बसल्यावर निघत नाही, आणि काढलाच तर मोडतो व पुन्हा वापरता येत नाही. यास 'स्नॅप लॉक' म्हणतात. या पाटीवर अशोकचक्राची चमकती निळी खूण असते, डाव्या बाजूस देशाच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरे निळ्या रंगात असतात, आणि लेसरने कोरलेला निदान दहा आकड्यांचा कायम क्रमांक असतो. हा नियम २००१ साली आला. त्यास न्यायालयात आव्हान दिले गेले, परंतु ३० नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तरीही अंमल रेंगाळत राहिला. अखेर १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या ही पाटी घेऊनच येऊ लागल्या. त्याआधीच्या गाड्यांसाठी कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये आदेश काढून १७ नोव्हेंबर २०२३ ही मुदत दिली व पुढे ती वरचेवर वाढविली. महाराष्ट्राने अशा गाड्यांस ३१ मार्च २०२५ ची मुदत दिली, आणि तीही वाढली. वाढत्या मुदतींनी माणसास आळशी केले, असे आमचे मत आहे.

आपल्या सीमाभागात याचे महत्त्व अधिक आहे. बिदरची केए-३८, भालकीची केए-३९, बसवकल्याणची केए-५६ व कलबुर्गीची केए-३२ या गाड्या रोज लातूरच्या एमएच-२४ व धाराशिवच्या एमएच-२५ गाड्यांबरोबर एकाच रस्त्याने धावतात. पलीकडे तेलंगण आहे. दुसऱ्या राज्यातील पाटी उचकटून आपल्या गाडीस लावणे ज्यास सोपे, त्यास गुन्हा करून सीमा ओलांडणेही सोपे. मोडल्यावाचून न निघणारा खिळा त्यासाठीच आहे.

तरुणाची अडचण अशी की मागील ठोकर दुरुस्त करताना एका गॅरेजवाल्याने हे कुलूप तोडले व पाटी साध्या बोल्टांनी परत लावली. गॅरेजवाल्याची चूक म्हणावी, तर कुलूप तोडल्यावाचून ठोकर निघत नव्हती हेही खरे. परंतु गाडी देताना त्याने मालकास सांगावयास हवे होते. आता पाटी बसवून देणाऱ्या अधिकृत केंद्राकडून नवे कुलूप लावून घेणे हाच मार्ग आहे. नवी भोके पाडू नयेत, आणि तसलेच दिसणारे प्लास्टिकचे खिळे रस्त्याकडेच्या दुकानातून घेऊन ठोकू नयेत.

तरुण थोडा कुरकुरला. केंद्रावर जाण्यात एका दिवसाचे भाडे बुडते, ते कोण देणार? तक्रार खोटी नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक रविवार ही सोय झाली तर आमच्यासारख्या खेड्यांतील लोकांचे काम किती हलके होईल! तसा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. ज्या वाहनधारकांस सही करावयाची असेल त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर ओसरीवर यावे.

चार बोल्टांपैकी चकचकीत होता तो खरोखरीच स्टेनलेस निघाला. लोहचुंबक आम्ही जीपच्या पेटीतून आणून लावून पाहिले. तो एक ठेवून तसाच दुसरा, दोन नायलॉनचे वॉशर व दोन कड्याचे नट आणावयास तरुण बाजारात गेला आणि दुपारी पाटी बसवून गाडी दाखवावयास परत आला. मागील कुलपासाठी तो बुधवारी बिदरला जाणार आहे. ऊसगाड्यांचे दिवस जवळ येत आहेत. तेव्हा पुढील अंकी ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरच्या पाटीविषयी व तिच्यावरील दिव्याविषयी लिहू.