दप्तर जपणारे आणि गाणे हरवणारे

“आता सीडी कोण ऐकतो? हवे ते गाणे फोनवर मिळते,” हे वाक्य सीपरी बाजारातील आमच्या भाड्याच्या बिऱ्हाडी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मराठी स्नेह्याकडून आम्ही ऐकले आहे. बोलणारे बहुधा आमच्यासारखेच केंद्र सरकारचे चाकर. आज झाशीत, उद्या आणखी कोठे. टेबलावर सीडींची चळत, शेजारी संगणक, आणि रात्री जागून एकेक सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घेणारे आम्ही, हे दृश्य पाहून त्यांना आमची कीव येते. ती कीव आम्हांस मान्य नाही. कीव करावी अशी स्थिती त्यांचीच आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते आम्ही सकारण मांडतो.

प्रथम ‘हवे ते मिळते’ हे विधानच तपासून पाहू. 2019 साली सारेगामा आणि स्पॉटिफाय यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि सारेगामाची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. 2020 मध्ये करार झाला, तेव्हा ती परतली. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही. मराठी भावगीताचा आणि नाट्यसंगीताचा केवढा ठेवा त्या एका कंपनीकडे आहे, हे सांगावयास नको. पुढे 2024 मध्ये रेसो आणि विंक या दोन सेवा भारतात बंद झाल्या व त्यांच्या श्रोत्यांना दुसरे दार शोधावे लागले. यात कोणी गुन्हा केला असे आम्ही म्हणत नाही. दुकान चालवावे की मिटावे, हा दुकानदाराचा अधिकार आहे. परंतु वाचनालयाची वर्गणी भरली म्हणून घरचे ग्रंथ रद्दीत घालणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही, मग येथेच का म्हणावे?

आणि जे मिळते ते तरी कसे मिळते? पुणे आकाशवाणीवरून 1955-56 मध्ये गीतरामायणाची 56 गीते क्रमाने सादर झाली, ती अनेक गायक-गायिकांच्या कंठांतून. सर्व गीते सुधीर फडके यांच्या स्वरांत ध्वनिमुद्रित झाली ती पुढे. फोनवर हा भेद सांगणारे कोणी नाही. क्रमही असा विस्कटतो की वनवास आधी आणि जन्म नंतर! ‘कट्यार काळजात घुसली’ हे दारव्हेकरांचे नाटक 1967 चे. संगीत अभिषेकींचे, खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांचे. त्याच नावाचा चित्रपट 2015 चा, आणि त्यात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले. आजोबांचे पद कोणते आणि नातवाचे कोणते, हे ज्या यादीतून कळत नाही तिला संग्रह म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. सीडीच्या वेष्टनातील पुस्तिकेत कवी, संगीतकार आणि साथीदार यांची नावे असतात. त्या पुस्तिका आपण उघडल्या तरी आहेत काय?

आता कृतीविषयी थोडे. सीडीवर प्रत्येक सेकंदास, प्रत्येक बाजूचे, 44,100 नमुने असतात व प्रत्येक नमुना 16 बिटांचा. म्हणजे तासाभराचे गाणे सुमारे 635 मेगाबाइट भरते. 2001 पासून उपलब्ध असलेल्या फ्लॅक या मुक्त पद्धतीने ते साधारण निम्म्या जागेत बसते आणि मुळातील एकही अंक गळत नाही. एमपीथ्री जागा वाचवते ती कानाला जाणवणार नाही असे मानलेले टाकून देऊन. टाकलेले परत येत नाही. दोनशे सीडींस सत्तर-पंच्याहत्तर गिगाबाइट पुरतात. एवढी जागा आता खिशात मावते. ती डिस्क एका लहान संगणकास जोडावी, तो घरच्या राउटरवर ठेवावा, आणि बैठकीतील स्टीरिओने तेथून गाणे घ्यावे. बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी घरातले गाणे बंद पडत नाही. लॉजिटेक कंपनीने 2012 मध्ये स्क्वीझबॉक्स हे वादक थांबवले. परंतु त्यांना गाणी पुरवणारी प्रणाली मुक्त असल्यामुळे वापरणाऱ्यांनीच ती सांभाळली व आज ती लिरियन या नावाने चालते. मुक्त वस्तू आणि भाड्याची वस्तू यांतील अंतर याहून स्पष्ट काय असेल?

खरे कष्ट उतरवण्यात नाहीत, नोंदीत आहेत. आमच्या निम्म्याहून अधिक मराठी सीडींची नोंद जागतिक सूचीत नव्हती. होती तेथे रोमन लिपीत, आणि तीही अशुद्ध. ती आम्ही देवनागरीत केली: नाटक, पद, कवी, गायक, राग, वर्ष. क्रमांक 01, 02 असे दोन अंकी घातले, नाहीतर यंत्र पहिल्या गाण्यामागून दहावे वाजवते. यावर आमचे स्नेही म्हणतात, “हे तर कारकुनी काम!” होय, कारकुनीच! कार्यालयातील एक फाइल जागेवर नसली तर खुलासा मागणारे आपण. घरच्या दप्तराची वेळ आली की मात्र आपल्याला कारकुनीची लाज वाटते.

या बेफिकिरीची किंमत आम्हीही मोजली आहे. आमच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या अकरा ओव्या एका आप्ताने कॅसेटवर घेतल्या आणि पुढे घरच्याच संगणकावर त्यांची सीडी लिहिली. कॅसेट हरवली. घरी लिहिलेल्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर उष्णतेने व उजेडाने बिघडतो, हे आम्हांस ठाऊक होते. तरी दोन बदल्यांत आणि झाशीच्या तीन उन्हाळ्यांत ते खोके उघडले नाही. उघडले तेव्हा यंत्राने रात्रभर तोच भाग पुन्हापुन्हा वाचून पाहिला. अकरांपैकी चार ओव्या निघाल्या. आजी आता नाही. उरलेल्या सात कोणत्या फोनवर मिळतील?

कोणी कायद्याचा प्रश्न काढील. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या 52 व्या कलमात खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठी रास्त वापराची मुभा आहे. म्हणून विकत घेतलेले आपल्या घरापुरते उतरवावे. प्रती वाटत सुटू नये, आणि मूळ सीडी फेकू तर नयेच.

येथून शंभर किलोमीटरांवर ग्वाल्हेर आहे. तेथील गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी शिकून महाराष्ट्रात नेली, तेव्हा ती वाहून नेण्यास गळ्यावाचून साधन नव्हते. आपल्याजवळ साधन आहे, रविवार आहे, नोंदीची सवय तर वर्षानुवर्षांची आहे. पुढील बदलीचा हुकूम येण्यापूर्वी माळ्यावरचे खोके खाली काढा. आरंभ घरी लिहिलेल्या सीडींपासून करा. आणि एक प्रत गावच्या घरी ठेवा.